न अडखळणारा कम्प्युटर

वर्ध्याजवळच्या नालवाडीत मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "चपला पश्चिमेले काढत जाजो." मी चपला हातात घेऊन जिन्याखाली उभा. पश्चिम कुठली हे कळायला मला बाहेर जाऊन सूर्याकडे पाहावं लागलं. तेवढा वेळ बाई शांतपणे थांबल्या. त्यांच्या घरात डावं-उजवं नव्हतंच. मिठाची बरणी साखरेच्या उत्तरेला असायची आणि दूधवाल्याने पिशव्या ठेवायच्या त्या वायव्येच्या कट्ट्यावर. दूधवाला चुकायचा नाही. तो त्यांचाच विद्यार्थी होता.

बाई भूगोल शिकवायच्या. सगळी नोकरी पवनारच्या शाळेत झाली. रोज सायकलने जायच्या, सायकलने यायच्या. मी राहायला आलो तेव्हा त्यांना रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, पण वस्तीत लहानथोर सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

तर ह्या भूगोलाच्या बाई नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्यांना गाडी लागायची. लागायची म्हणजे जराशी मळमळ नव्हे. एसटी डेपोच्या फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा आणि पुढच्या थांब्यावर त्यांना उतरवून घ्यावं लागायचं. रेल्वेत तेच, रिक्षात तेच. नव्या रेक्झिनचा नुसता वास आला तरी पुरे. कमरेच्या पिशवीत कायम एक लिंबू आणि सुंठीचा तुकडा. हेडमास्तरीण करून आर्वीला पाठवायची ऑर्डर निघाली, ती त्यांनी नम्रपणे परत केली. त्याच्याही आधी लग्नासाठी आलेली अमरावती-अकोल्याची स्थळं परत केली होती आणि मागच्या गल्लीतल्या पोस्टातल्या कारकुनाशी लग्न केलं होतं. "माणूस चांगला होता," त्या म्हणायच्या, "अन् सासरी चालत जाता येत होतं." त्यांचे यजमान मी यायच्या आधीच गेले होते. मूलबाळ नव्हतं. दसऱ्याला सगळी वस्ती गाड्या करून नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. बाई मात्र दोन-तीन दिवस आधीच पायी निघायच्या. पहिला मुक्काम सेलूला, जुन्या मैत्रिणीकडे.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. त्याच्यासमोर बसून त्या तांदूळ निवडायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, इतकं सगळं शिकवलंत, कधी पाहावंसं नाही वाटलं?"

"वाटते ना. पण नकाशाचं बरं असते," त्या म्हणाल्या. "तो हलत नाई."

मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होतो. एका रविवारी सकाळी बाई तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन वर आल्या आणि प्लेट माझ्या हातात द्यायच्या आधीच म्हणाल्या, "बाबू, मले एक कम्प्युटर घ्यायचा आहे. पोरं खेळतात तसला. तयार डब्बा नको, एकेक भाग निवडून बांधलेला."

मला वाटलं, भाच्याबिच्याला भेट द्यायचा असेल. पण नाही. कुणा जुन्या विद्यार्थ्याने त्यांना सांगितलं होतं की आता असा एक खेळ निघाला आहे, ज्यात सगळी पृथ्वी आहे. खरे डोंगर, खऱ्या नद्या, आणि आपण विमान घेऊन त्यांच्यावरून उडायचं.

"अन् मी जे पाहीन ना," बाई म्हणाल्या, "ते त्याच वेळेले शकूले तिच्या मोबाईलवर दिसलं पाहिजे."

"त्याला स्ट्रीमिंग म्हणतात, बाई."

"म्हणू दे."

शकू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती लग्न होऊन रत्नागिरीला गेली, थेट समुद्राकाठी. बाईंचं तिकडे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून दर उन्हाळ्यात शकूमावशीच यायची. पिशव्या भरभरून कोकमं, सुकी मासळी आणि अखंड बडबड. मी आलो त्या वर्षी तिला पाहिलं होतं. पुढच्या वर्षी अंगणात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड नीट बसलं नाही. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत, एवढीच तिची वाटचाल उरली. त्या उन्हाळ्यात ती आली नाही. बाईंनी तिच्यासाठी घालून ठेवलेल्या कुरडया तशाच डब्यात राहिल्या.

वर्ध्यात मेन रोडवरच्या एका दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. म्हणजे त्या सायकलने पुढे आणि मी मोटरसायकल रेंगाळवत मागे. दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "बाई, गेम खेळणार कोण?"

"मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्याने काउंटरजवळच्या मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ लावून दाखवला. गाडी सुसाट निघाली, पहिलं वळण आलं, दुसरं आलं, आणि बाईंनी काउंटर घट्ट धरला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मी पाणी घेऊन गेलो तर लिंबू हुंगत होत्या. चेहरा राखेसारखा.

"बाई, राहू द्या," मी म्हणालो. "घरी जाऊ. पडद्यावरचीसुद्धा लागते तुम्हाला."

"थांब." त्यांनी डोळे मिटले होते. "सरळ रस्त्यावर काही नाई झालं मले. वळणावर चित्र अडखळे, अन् तिथंच माह्या पोटात ढवळे. काऊन अडखळते ते?"

मी सांगितलं की पडद्यावरचं चित्र म्हणजे खरं तर एकामागून एक येणारी पुष्कळ चित्रं असतात. वळणावर सगळंच बदलतं, तेव्हा कमी ताकदीचं ग्राफिक कार्ड ती वेळेत काढू शकत नाही. बाई ऐकत होत्या. पोरगं फळ्यापाशी उभं राहून उत्तर देतं तेव्हा मास्तर ऐकतात, तसं.

"म्हणजे कार्ड मोठं घेतलं तर अडखळणार नाई?"

"कमी अडखळेल."

"मग मोठं पाहू," म्हणून त्या उठल्या, आत गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "एक चहा सांगा."

तिथून पुढे बाईंची परीक्षा सुरू झाली. दुकानदार एकेक कार्ड लावायचा, खेळ सुरू करायचा आणि बाई समोर बसून चहा प्यायच्या. कप संपेपर्यंत पोटात ढवळलं नाही तर कार्ड पास. अर्ध्यात कप खाली ठेवला तर नापास. असे आम्ही कितीतरी शनिवार गेलो. दुकानदाराला आधी गंमत वाटली, मग तोही इरेला पेटला. नवं कार्ड आलं की मला फोन करायचा, "बाईले घेऊन या. हे पास होते पाहा."

मॉनिटर निवडायची वेळ आली तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने एक रुंद, बाक दिलेला पडदा दाखवला. बाई समोर बसल्या आणि लगेच उठल्या. "ह्याच्यात मी पुरी बुडते. बाजूले भिंत दिसली पाहिजे. भिंत जागेवर राहते, म्हणून जीव थाऱ्यावर राहते." मग लहान, सपाट, पण वेगाने चित्र बदलणारा पडदा घेतला. कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे असतात, ते त्याने लावून दाखवले. बाईंनी विचारलं, "विझवता येतात?" तो म्हणाला, येतात. "मग लावता कायले?" उन्हाळ्याची काळजी मात्र त्याला खरीच होती. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं वितळतात, तिथे यंत्राचं काय. तो म्हणाला, "बाई, पाण्याचा कूलर बसवून घ्या." बाई म्हणाल्या, "आहे माह्या खिडकीत." मी हसू दाबत त्यांना समजावलं की हा आतला वेगळा. शेवटी जाळीचं कॅबिनेट आणि मोठे, संथ फिरणारे पंखे ठरले. लहान पंखे एसटीच्या इंजिनासारखे गुरगुरतात, आणि तो आवाज त्यांना चालणार नव्हता.

प्रोसेसरवर मी अडून बसलो होतो. माझ्या मते मधला पुरेसा होता. बाईंनी विचारलं, "चित्र कार्ड काढते. शकूले पाठवते कोण?"

"तेही काम कार्ड आणि प्रोसेसरलाच. दोघं मिळून करतात."

"मी दोन वर्ग एकत्र घेतले आहेत, बाबू. सातवी अन् आठवी. सातवीचंही होत नाई, आठवीचंही होत नाई. मोठा घे."

मोठा घेतला. पैशांची त्यांना चणचण नव्हती. पेन्शन होती, आणि आयुष्यात गाडीच्या तिकिटावर काही खर्च झालाच नव्हता.

सामान घरी आलं त्या दिवशी मी कॉलेजातून परतलो तर गच्चीवर वाळवण पडलेलं. एका खाटेवर कुरडया, दुसऱ्या खाटेवर कडुनिंबाच्या डहाळ्यांत ठेवलेलं कॅबिनेट, आणि वर्तमानपत्रावर, कुरडयांच्या अगदी शेजारी, मदरबोर्ड. मी धावत जाऊन तो उचलला. बाई म्हणाल्या, "नव्या एसटीचा वास येऊन राह्यला त्याले. उन्हानं जाईल." मदरबोर्ड मी सावलीत हलवला. कॅबिनेट आठवडाभर उन्हातच राहिलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी नकाशाच्या भिंतीसमोर टेबल मांडून आम्ही ते बांधलं. बाई टॉर्च धरून होत्या. "प्रोसेसर मधात. रॅम त्याच्या पूर्वेले. बरोबर?" मी म्हणालो, बरोबर. पंखे फिरायला लागले आणि आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी टॉर्च विझवून पदराने चेहरा पुसला.

पहिले काही दिवस त्या फक्त धाम नदीवरून उडायच्या. पवनारचा पूल, शाळा, मग नदीबरोबर खाली. नदी एकदम वळत नाही, म्हणून ती त्यांना सोसायची. धाम वणेत जाते, वणा वर्धेत, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत. तिथपर्यंत गेल्या की थांबायच्या. "आपलं सगळं पाणी पूर्वेले जाते," एकदा म्हणाल्या, "अन् शकू पडली पश्चिमेले."

पश्चिमेला निघायच्या दिवशी शकूमावशीला फोन लावून स्ट्रीमिंग सुरू केलं. चॅनेल पाहणारं माणूस एकच, पलंगावर पडलेलं. विमान सुटलं आणि सह्याद्री दिसायला लागल्याबरोबर चित्र अडखळलं. बाईंनी टेबल धरलं. एवढं निवडून आणलेलं यंत्र, पण पृथ्वीही दाखवायची आणि ती पाठवायचीही, हे त्याला जड जात होतं. मी म्हणालो, "मावशीला पाठवणं बंद करू या. मग तुम्हाला नीट दिसेल."

"नाई. ढग काढ."

"काय?"

"ढग काढता येतात ना? काढ. झाडंही कमी कर. शकूच्या दारात आहेत झाडं."

मी ढग काढले, झाडं कमी केली. उघडा, करडा सह्याद्री समोर आला आणि चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. स्पीकरमधून शकूमावशी बोलत होती. तिकडे राहून तिची बोली बदलली होती, पण बहिणीशी बोलताना वर्ध्याचीच व्हायची. "ताई, थोडं डावीकडे घे. खाडीवरचा पूल दिसून राह्यला का? त्याच्या अलीकडं. ते लाल कौलाचं."

पडद्यावर एक पुसट तांबूस ठिपका होता. बाई म्हणाल्या, "हे का घर?"

"हाव. मी आतच आहे, ताई. पलंगावर."

मग शकूमावशी म्हणाली, "थांब ना तिथंच जरा."

पण विमान थांबत नाही. बाईंनी ते वळवलं आणि घराभोवती फिरवलं. पुन्हा फिरवलं. गोल फिरणं म्हणजे त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट. चेहरा उतरत चालला, कपाळावर घाम आला. मी खूण केली, पुरे. त्यांनी मान हलवली आणि फिरवतच राहिल्या. शकूमावशी तिकडून आपल्या अंगणातली विहीर कुठे, आंबा कुठे, ते सांगत होती, आणि ह्या अगदी सरळ आवाजात "हाव, दिसून राह्यलं" म्हणत होत्या. तिला जेवायला हाक आली, फोन ठेवला गेला, तेव्हा बाई न्हाणीघरात धावल्या.

परत आल्यावर मी लिंबाचं पाणी दिलं. म्हणालो, "कशाला एवढं करता? पृथ्वी पाहायची तर सरळ सरळ पाहा की."

"पृथ्वी पाह्यले कोण बसलं आहे?" त्या म्हणाल्या. "सराव करून राह्यली मी. तिले येता येत नाई. मले जायचं आहे."

इतके महिने मी त्यांच्याबरोबर होतो, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारच्या चहानंतर त्या बसायच्या. ठरवलेला मार्ग एकच, कोल्हापूरवरून आंबा घाटाने खाली. रस्त्याच्या इतक्या जवळून विमान न्यायच्या की मला भीती वाटायची. थोडं सोसायला लागलं की मला बोलवायच्या, "ढग परत टाक." मग झाडं. मग वारा. वाऱ्याने विमान हिंदकळायचं आणि त्या टेबलाची कड धरून शकूमावशीला विचारायच्या, "आज काय केलं जेवायले?"

दिवाळीनंतर आम्ही निघालो. मी रजा काढून सोबत गेलो. वर्धा स्टेशनावर वस्तीतली निम्मी माणसं आली होती, दुकानदारसुद्धा. गाडी सुटली आणि बडनेऱ्याच्या आतच बाईंना उलटी झाली. मग पुन्हा. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्या खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसल्या होत्या. सगळा सराव फुकट गेला असं मला वाटलं. म्हणालो, "बाई, उतरू या का? इथून परत जाऊ."

त्यांनी तोंड पुसलं. बाहेरची पाटी वाचली. "ह्या बाजूले मी इतक्या दूर पहिल्यांदा आली," म्हणाल्या. "चालू दे."

कोल्हापूरला पोचलो तेव्हा त्यांच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. एक दिवस लॉजवर पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी गाडी ठरवली, बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी मागे पिशव्या आणि टॉवेल तयार ठेवून. घाट सुरू झाला. मी टॉवेल हातात घेतला. तेवढ्यात बाई बोलायला लागल्या. "आता उत्तरेले वळेल. मग लगेच उलटं. दरी माह्या बाजूले येईल." गाडी वळायची, दरी यायची. "आता उतार, अन् मोठं वळण." त्या रस्ता आधी सांगत होत्या, रस्ता मागून येत होता. चेहऱ्यावर रंग होता. लिंबू पिशवीतच होतं.

ड्रायव्हरने विचारलं, "बाई, ह्या रस्त्याला नेहमी असता काय?"

"रोज येते," बाई म्हणाल्या.

लाल कौलांच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा शकूमावशी वॉकर धरून दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, पाय थरथरत होते. बाई पायऱ्या चढल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बाईंनी विचारलं, "पाय धुवायले पाणी कुठं आहे?"

"न्हाणीत," शकूमावशी म्हणाली. "दक्षिणेले." आणि वॉकर सोडून बहिणीच्या गळ्यात पडली. दोघींना सावरायला मला पुढे व्हावं लागलं.

बाई तिथेच राहिल्या. मी परत येऊन कम्प्युटर खोक्यात भरला, प्रत्येक खोक्यावर दिशा लिहून ट्रान्सपोर्टने पाठवला. आता विमान शकूमावशी चालवते असं ऐकतो. तिला काही लागत नाही, त्यामुळे ती वाटेल तशी वळवते, आणि बाई शेजारी बसून रागावतात. पुढे मीही नालवाडी सोडली. फोन होतो अधूनमधून.

पण रत्नागिरीहून मी निघायच्या आदल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. समुद्र घरापासून जवळच होता, पण बाई शकूशिवाय जायला तयार नव्हत्या. मग आम्ही मावशीला रिक्षात घातलं, आणि रिक्षावाल्याने आणि मी मिळून तिला खुर्चीसकट ओल्या वाळूपर्यंत उचलून नेलं. रिक्षातून उतरलेल्या बाई थोड्या पांढऱ्या पडल्या होत्या, पण ठीक होत्या. चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ त्या समोर पाहत राहिल्या.

मग एक मोठी लाट आली आणि मागे फिरली. त्यांच्या पायाखालची वाळू ओढली जाऊ लागली. त्या जागेवरच उभ्या होत्या, पण सगळं पाणी समुद्राकडे पळत होतं. त्या डोलल्या, खुर्चीचा दांडा धरायला हात पुढे केला, तो हुकला, आणि साडीसकट मटकन ओल्या वाळूत बसल्या. मी धावलो.

"ताई, काय झालं?" शकूमावशी खुर्चीतून वाकून विचारत होती.

बाईंनी पदर तोंडाला लावला होता. खांदे हलत होते. मला वाटलं, आता उलटी होणार. पदर बाजूला झाला तर त्या हसत होत्या.

"शकू," त्या म्हणाल्या, "मले समुद्र लागला."

मी लिंबासाठी पिशवीत हात घातला. त्यांनी नको म्हणून मान हलवली, बहिणीच्या खुर्चीला पाठ टेकली आणि पुढच्या लाटेकडे पाय लांब केले.